सेंट्रल लॉक कधी चालतंय कधी नाही? लॉकची मोटार बदलायच्या आधी दाराच्या बिजागरीपाशी बघा

माझं अंबाजोगाईत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे विहिरीवरच्या आणि बोअरच्या पंपाच्या मोटारी. मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण मल्टीमीटर, टेस्टर बल्ब, सोल्डरिंग सगळं हाताशी असतंय म्हणून आठ-दहा वर्षांमागं मेव्हण्यांनी त्यांच्या गाडीचं सेंट्रल लॉक दाखवलं, ते नीट झालं, आणि तेव्हापासून पाहुणे, शेजारी, त्यांचे पाहुणे असं करत करत महिन्याला दोन-तीन गाड्या तरी दुकानासमोर येऊन थांबतात. तक्रार ठरलेली, "लॉक कधी होतंय कधी होईना."

हे सगळं लिहायचं कारण माझी थोरली बहीण. तिला कामासाठी रोज चार गावं फिरावी लागतात, गाडीत कागदपत्रं असतात, आणि लॉकचा भरवसा नव्हता. एका दुकानात तिला सगळा किट बदलून दिला, दारं लॉक करणाऱ्या चार मोटारी, त्यांना हुकूम सोडणारं डॅशबोर्डखालचं युनिट, दोन रिमोट, अडीच हजार घेतले, आणि वीस दिवसांत परत तेच सुरू. मी बघितलं तर ड्रायव्हरच्या दारात, बिजागरीपाशी जी रबराची नळी असते ना, तिच्यात एक वायर तुटलेली होती. अर्ध्या तासाचं काम. तिच्या जुन्या चारही मोटारी चांगल्या होत्या आणि त्या दुकानातच राहिल्या. तेव्हापासून मला वाटतंय की गाडीवाल्याला एवढं तरी बघता आलं पाहिजे, म्हणजे कुणी काय बदलायलंय आणि का, ते तरी कळेल.

आधी लक्षणं. खाली वाचायच्या आधी आपल्या गाडीत यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा, कारण अर्धा शोध इथंच लागतो.

- रिमोट दाबला तर काहीच नाही, इंडिकेटर पण लागत नाहीत. पण चावीनं किंवा आतल्या बटणानं लॉक होतंय.
- इंडिकेटर लागतात, डॅशबोर्डखाली टक् असा आवाज पण येतो, पण एकही दार हलत नाही.
- तीन दारं बरोबर, एकच दार रुसलेलं.
- लॉक होतंय आणि लगेच आपोआप उघडतंय. किंवा उभ्या गाडीत नुस्तं ठकठक ठकठक चालू राहतंय.
- दार उघडं धरलं की चालतंय, दार लावलं की बंद. किंवा याच्या उलट.
- सकाळी चालतंय, दुपारी उन्हात उभी राहिली की नाही.
- पाऊस पडला किंवा गाडी धुतली की दोन दिवस बिघाड, मग आपोआप नीट.
- फ्यूज सारखा उडतोय, किंवा रात्रीतून बॅटरी उतरायलीय.

एक दार की सगळी दारं, हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. सगळी दारं एकदम बंद पडली तर बिघाड सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी असणार, म्हणजे रिमोट, बॅटरी, फ्यूज, अर्थिंग (गाडीच्या बॉडीला आवळलेली मायनसची वायर), युनिट, किंवा ड्रायव्हरच्या दारातला स्विच. एकच दार बंद असंल तर युनिटला हात लावायची गरज नाही, कारण युनिट बाकीची तीन दारं चालवायलंच की. मग त्या दाराची वायर, कपलर (वायरी एकमेकींत खोचायचा प्लास्टिकचा जोड), मोटार नाहीतर लॉकची यंत्रणा, एवढ्यातच शोधायचं.

काम सुरू करायच्या आधी

चावी खिशात आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण खाली. हे दोन्ही, प्रत्येक वेळी. लॉकवर काम करताना गाडी कधी स्वतःच लॉक होईल सांगता येत नाही आणि चावी आत राहिली तर साधं काम दिवसभराचं होऊन बसतंय. लेकरू गाडीत बसवून तर हे काम अजिबात करायचं नाही. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री असतंय, बंद गाडी आतून काही मिनिटांत भट्टी होते.

बिघाड नसून बिघाड वाटणाऱ्या तीन गोष्टी

मागचं दार आतून उघडत नाही पण बाहेरून उघडतंय, तर तो चाइल्ड लॉक. दार उघडून कडेला बघा, छोटी खिट्टी असते, गाडी धुताना नाहीतर लेकरांच्या हातून ती सरकते. अशा दोन गाड्या माझ्याकडं लांबून आल्या होत्या.

रिमोटनं उघडलं आणि दार न उघडता तसंच सोडलं तर बऱ्याच गाड्या साधारण ३० सेकंदांनी परत स्वतःहून लॉक होतात. ती सोय आहे, बिघाड नाही.

तिसरं, एखादं दार किंवा डिकी अर्धवट लागलेली. दार नीट लागलं नाही असं गाडीला वाटलं तर ती लॉकच घेत नाही किंवा घेऊन लगेच सोडते. सगळी दारं एकदा उघडून दणकून लावा आणि मग बघा.

१. रिमोटचा सेल

दुसरा रिमोट असंल तर आधी तो वापरून बघा. त्यानं चालत असंल तर गाडीत काही शोधूच नका. दुसरा नसेल तर सेल बदला, पन्नास-साठ रुपयांचं काम आहे. कंपनीच्या रिमोटमध्ये बहुतेक सीआर२०३२ नाहीतर सीआर१६२० असा चपटा ३ व्होल्टचा सेल असतो. बाहेरून बसवलेल्या किटच्या रिमोटमध्ये २३ए नावाचा बारका लांबट सेल असतो, तो १२ व्होल्टचा. जुन्या सेलवर काय लिहिलंय ते वाचूनच नवा आणा.

मीटरवर ३ व्होल्ट दाखवला म्हणजे सेल चांगला, असं नसतं. मीटर सेलमधून करंट जवळजवळ ओढतच नाही, रिमोट ओढतो, आणि बटण दाबल्या क्षणी दमलेल्या सेलचा व्होल्टेज खाली बसतो. म्हणून रिमोट गाडीला चिकटवून धरला तरच चालायलाय, लांबून नाही, हे लक्षण मीटरपेक्षा खरं धरा. सेल काढला की आतल्या पत्र्याच्या पट्ट्या कोरड्या कापडानं पुसून घ्या आणि हलकंच वर उचला, त्या दबलेल्या असतात.

नवा सेल टाकूनही काही नाही, तर लेकरांनी रिमोट खेळायला घेतला होता का ते आठवा. या रिमोटचा कोड प्रत्येक दाबाला बदलतो, गाडीपासून लांब असताना खूप वेळा दाबला गेला तर गाडी आणि रिमोटचा मेळ सुटतो. काही गाड्यांत चावीनं इग्निशन चालू-बंद करून तो परत जुळवता येतो, पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

आणि हो, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून लाइट दिसतो का बघायची जी युक्ती टीव्हीच्या रिमोटला चालते ती इथं चालत नाही. गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, कॅमेऱ्यात काहीच दिसणार नाही, म्हणून चांगला रिमोट फेकून देऊ नका.

२. गाडीची बॅटरी

लॉकच्या मोटारी एका क्षणासाठी चारही एकदम ओढतात, म्हणून बॅटरी दमायला लागली की लॉकही मंदावतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावा. १२.६ च्या आसपास असंल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर, १२ च्या खाली असंल तर आधी बॅटरी चार्ज करा, लॉकचं नंतर बघू. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. तेवढं नसेल तर चार्जिंगचा प्रश्न आहे, लॉकचा नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असंल तर खायच्या सोड्याचं गरम पाणी टाकून ब्रशनं साफ करा, कोरडं करा, घट्ट आवळा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

३. फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नाहीतर पुस्तकात डोअर लॉकचा फ्यूज कोणता ते दिलेलं असतं. नुस्तं डोळ्यानं बघून सोडू नका. फ्यूजच्या पाठीवर दोन बारके उघडे टोकं असतात, टेस्टर बल्बची एक वायर बॉडीला लावून दोन्ही टोकांवर दुसरी टेकवून बघा. दोन्हीकडं बल्ब लागला तर फ्यूज चांगला, एकीकडंच लागला तर गेलेला, कुठंच नाही लागला तर सप्लायच येईना (काही फ्यूजला चावी ऑन केल्यावरच सप्लाय येतो, ते करून बघा).

गेलेला असंल तर तेवढ्याच अँपियरचा टाका. १५ च्या जागी १५. नवा टाकला आणि लॉक दाबताच परत उडाला तर "अजून एक टाकून बघू, एखादवेळी चालंल" असं करू नका. कुठंतरी वायर बॉडीला लागलेली आहे. आणि मोठा फ्यूज किंवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार हे तर कधीच नाही. मी रोज जळालेल्या मोटारी उघडतो, फ्यूजच्या जागी तार बसवल्यावर पुढं काय जळतं ते मी बघत असतो, आणि गाडीत ती वायर सीटखालून, कार्पेटखालून गेलेली असते.

४. कान लावून ऐका

याला एक रुपया लागत नाही. इंजिन बंद, पंखा बंद, आजूबाजूला शांतता. एकाला आत बसवून लॉक-अनलॉक दाबायला सांगा आणि तुम्ही एकेका दाराला कान लावा. दारातून ठक् असा दमदार आवाज आला पण घुंडी हलली नाही तर मोटार चालायलीय, मोटारीपासून कुलपाकडं जाणारा रॉड निसटलाय नाहीतर अडकलाय, म्हणजे बिघाड विजेचा नाहीच. दारातून अगदी बारीक, मेल्यासारखा आवाज आला तर करंट कमी पोहोचायलाय किंवा मोटार दमलीय. दारातून काहीच नाही पण डॅशबोर्डखाली टक् होतंय तर युनिट हुकूम सोडायलंय, तो दारापर्यंत जाईना. आणि डॅशबोर्डखालीही काही नाही तर युनिटला सप्लाय, अर्थिंग, किंवा स्विचचा हुकूमच मिळंना.

एक सांगून ठेवतो. सलग दहा-पंधरा वेळा दाबू नका. पुष्कळ मोटारींच्या आत तापल्यावर करंट अडवणारा एक बारका पार्ट असतो, सारखं दाबलं की मोटार गप होते आणि पाच-दहा मिनिटांनी परत चालते. तपासताना लोक तिला एवढं पळवतात की चांगली मोटार मेली असं वाटतंय. चार वेळा दाबा, थांबा.

५. आतला दिवा आणि दाराचं चिन्ह

लॉक होऊन लगेच उघडणाऱ्या गाडीत हे आधी बघा. छतावरचा दिवा दाराच्या सेटिंगवर ठेवा आणि एकेक दार उघडा. ज्या दाराला दिवा लागत नाही, किंवा दार लावल्यावरही विझत नाही, किंवा डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचं चिन्ह जात नाही, त्या दाराचा स्विच खोटं सांगायलाय. जुन्या गाड्यांत तो खांबावर बटणासारखा असतो, त्यात धूळ आणि गंज जाऊन तो अडकतो, काढून कॉन्टॅक्ट क्लिनर मारला की बहुतेक नीट होतो. नव्या गाड्यांत तो कुलपाच्या आतच असतो, तिथं काम वाढतं.

६. बिजागरीपाशी रबराची नळी, इथं थांबा

मी आजपर्यंत जेवढ्या गाड्या बघितल्या त्यात सगळ्यात जास्त वेळा बिघाड इथंच सापडलाय. दार उघडलं की बॉडी आणि दाराच्या मध्ये काळ्या रबराची वळ्यावळ्यांची नळी दिसते, दाराच्या सगळ्या वायरी त्यातून जातात. दार उघडलं की त्या ताणतात, लावलं की मुडपतात. ड्रायव्हरचं दार दिवसात वीस-पंचवीस वेळा उघडलं तरी वर्षाला सात-नऊ हजार वेळा त्याच जागी त्याच वायरी वाकतात. वरून आपला उन्हाळा, रबर आणि वायरीचं प्लास्टिक कडक होतं, आणि मग थंडीत सकाळी दार उघडताना त्याला भेग पडते. वायर एकदम तुटत नाही, तिच्यातल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. म्हणून हा बिघाड एकदम येत नाही, कधी चालतंय कधी नाही असा महिना-दोन महिने खेळवतो, आणि त्याच काळात लोक मोटार बदलतात, रिमोट बदलतात, युनिट बदलतात, आणि प्रत्येक वेळी दार हलल्यामुळं तारा चार दिवस परत टेकतात आणि वाटतंय की नीट झालं. माझ्या बहिणीच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

ओळखायचं कसं? आधी त्याच दाराच्या बाकीच्या गोष्टी बघा. काच वर-खाली होताना अडखळते का, त्याच दाराचा स्पीकर खरखरतो का, आरसा बटणानं हलंना का. लॉकसोबत यातलं अजून एक काही बिघडलेलं असंल तर दोन वेगवेगळे पार्ट एकदम कशाला मरतील, दोघांच्या वायरी एका नळीतून जातात तिथंच शोधा.

मग दार अर्धं उघडं धरा, एकानं लॉकचं बटण दाबायचं आणि तुम्ही नळी हातानं मुडपायची, वर दाबायची, खाली दाबायची. एका ठरावीक कोनात लॉक चाललं आणि दुसऱ्या कोनात नाही, तर सापडलं. आता बॅटरीचं मायनस काढा. नळीचं बॉडीकडचं टोक बोटानं किंवा कापड गुंडाळलेल्या पातळ पान्यानं हळूच बाहेर ओढा, नळी मागं सरकवा. आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आता युक्ती. वायर वरून अखंड दिसंल, फसू नका. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकीच ताणा. चांगली वायर ताणत नाही. आतलं तांबं तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण तिथं फक्त प्लास्टिक उरलेलं असतं. एक सापडली म्हणून थांबू नका, सगळ्या तपासा, एक तुटली म्हणजे शेजारची त्याच वाटेवर असते.

जोडताना लोक दोन टोकं पिळून वर टेप मारून परत नळीत घालतात. हा जोड टिकत नाही, उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि वाकणाऱ्या जागी पिळा सुटतो. तुटलेला भाग दोन्ही बाजूंनी कापून टाका, मध्ये तेवढ्याच जाडीची, बारीक पुष्कळ तारांची मऊ वायर घाला, आणि जोड नळीच्या बाहेर येतील एवढी लांब घाला, एक जोड बॉडीच्या आत आणि एक दाराच्या आत. म्हणजे वाकणाऱ्या जागी अखंड वायर राहते. सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. सोल्डरची जागा कडक होते म्हणूनच ती वाकणाऱ्या भागात नको. दोन-तीन वायरी जोडायच्या असतील तर जोड पुढंमागं घ्या, एकाच ठिकाणी गाठोडं करू नका. दार पूर्ण उघडून बघा, वायर ताणली जायला नको.

या भागात पिवळ्या कपलरची किंवा पिवळ्या वेष्टणाची वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची असते. तिला ताणणं, कापणं, मीटर लावणं काहीच नाही.

७. दाराचं पॅड काढून मोटार

नळीतल्या वायरी चांगल्या निघाल्या तर मग पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं कव्हर, काढा. हँडलच्या वाटीत आणि हाताच्या दांडीत टोपणाखाली स्क्रू लपलेले असतात, ते राहिले आणि पॅड ओढलं की पॅड तुटतं. बाकी कडेनं क्लिपा. उन्हात तापलेल्या गाडीच्या क्लिपा त्यातल्या त्यात मऊ असतात, थंडीतल्या सकाळी ओढू नका.

आत एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका आणि परत नीट चिकटवा. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं, आणि कागदामुळं ते गाडीच्या आत आणि वायरींवर येत नाही. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ पावसात चिखल होऊन ती भोकं बुजवते, पाणी दारात साठतं, आणि मोटार व कपलर ओलाव्यात राहतात. पावसानंतर बिघडणाऱ्या गाडीत दार हलवून बघा, आत पाणी डुचमळलं तर कारण तेच. खालून मऊ तार घालून भोकं मोकळी करा.

आता मोटारीचा कपलर काढून तिच्या दोन वायरींवर सप्लाय बघायचा. इथं मी मीटर वापरत नाही, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरतो. कारण सांगतो. वायरीतल्या तारा तुटून नुस्त्या टेकलेल्या किंवा गंजलेल्या असतील तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो सप्लाय येतोय, म्हणजे मोटार गेली. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास पावणेदोन अँपियर ओढतो, अशा कच्च्या टेकणातून तेवढं जात नाही, बल्ब मिणमिणतो आणि वायरीचं खरं रूप बाहेर येतं. शिवाय सप्लाय अर्धा-एक सेकंदच येतो, तेवढ्यात डिजिटल मीटरचा आकडा नीट बसतही नाही. लॉक दाबल्यावर बल्ब लखकन लागला पाहिजे, अनलॉकला पण तसाच. लॉकला लागतो आणि अनलॉकला नाही, तर युनिटमधली एका बाजूची रिले (करंट चालू-बंद करणारा आतला स्विच) किंवा तिचा हुकूम बघायचा. हा बल्ब फक्त मोटारीच्या दोन जाड वायरींवर लावायचा, बाकी बारक्या वायरींवर नाही, तिथं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतंय आणि ते बल्बच्या ओझ्यानं जाऊ शकतं.

दोन्ही वेळेला बल्ब पूर्ण लागला आणि मोटार मात्र हलंना, तर मोटारीवर संशय घ्यायला आता जागा आहे. तिला बॅटरीवरून मध्ये ५ किंवा ७.५ अँपियरचा फ्यूज घालून थेट १२ व्होल्ट द्या, फक्त एक सेकंद, मग वायरी उलट्या करून एक सेकंद. एकीकडं पुढं, उलट केल्यावर मागं गेली पाहिजे. जास्त वेळ धरलं तर वाइंडिंग जळतं. रॉड काढल्यावर मोकळी पळते आणि रॉड लावल्यावर अडकते, तर मोटार चांगली आहे, कुलूप वाळलंय. त्याला पांढरं ग्रीस लावा. इंजिन ऑइल लावू नका, त्यावर धूळ बसून महिनाभरात लापशी होते. नव्या गाड्यांत मोटार आणि कुलूप एकाच बंद डब्यात असतं, तिथं ते उघडायचं नसतं, पूर्ण बदलायचं.

बाहेरून किट बसवलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या दारातली मोटार पाच वायरींची असते, दोन मोटारीच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. बाकीच्या तीन दारांच्या मोटारी दोनच वायरींच्या. ठकठक थांबत नसेल, किंवा ड्रायव्हरची घुंडी दाबली की बाकीची दारं ऐकत नसतील, तर हा आतला स्विच खराब. रंगावर विसंबू नका, दर किटचे रंग वेगळे निघतात, कपलर काढून मीटर कंटिन्युइटीच्या बीपवर ठेवा (वायरी आतून जोडल्या गेल्या की तो वाजतो) आणि घुंडी वर-खाली करून बघा. खराब निघाला तर फक्त तेवढी एक पाच वायरींची मोटार बदला, बाकीच्या तीन राहू द्या. रात्रीतून बॅटरी उतरण्याचं कारण पण कधीकधी हाच निघतो, गाडी रात्रभर अधूनमधून ठकठक करत राहते आणि आपण घरात झोपलेलो असतो.

८. अर्थिंग आणि युनिट

सगळी दारं एकदम मंद आणि बॅटरी चांगली, तर युनिटची काळी वायर बॉडीला जिथं स्क्रूनं आवळलीय तिथं बघा. रंगावर स्क्रू मारलेला असतो किंवा खाली गंज असतो. पत्रा चकचकीत घासून परत आवळा.

गाडी शेतात, कडब्याच्या गंजीपाशी लावत असाल तर डॅशबोर्डखाली टॉर्च मारून उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघाच. युनिटचा डबा ओला किंवा आत हिरवट डाग असतील तर पाणी वरून कुठून येतंय ते आधी बंद करा, नाहीतर नवं युनिट पण जाईल. सकाळी चालून दुपारी बंद पडणाऱ्या आणि संध्याकाळी परत चालू होणाऱ्या गाडीत, बाकी सगळं चांगलं निघालं तर, युनिटमधला एखादा सोल्डर तडकलेला असतो, तापल्यावर तो सुटतो. बाहेरच्या किटचं युनिट असंल तर सोल्डरचा डाग परत मारता येतो. कंपनीचं असंल तर उघडू नका.

इथं हात थांबवा

एअरबॅगचा दिवा लागला, किंवा पिवळ्या वायरीला नकळत का होईना धक्का लागला, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. एकाच जागी दुसऱ्यांदा फ्यूज उडाला, किंवा जळाल्याचा वास आला, तर बॅटरीचं मायनस काढून ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा, गाडी तिथंच उभी ठेवा. स्टार्ट बटणाची गाडी असंल आणि चावी सापडत नाही असा मेसेज येत असंल, किंवा लॉकसोबत इंजिनही सुरू होईना, तर तो इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा विषय आहे. नव्या गाड्यांत लॉकचा हुकूम डेटा वायरींवरून बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (लॉक, दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला) जातो, तिथं स्कॅनर लावल्याशिवाय अंदाजानं काही करू नये, मी पण करत नाही, परत पाठवतो. गाडी वॉरंटीत असंल तर वायर कापायच्या आधी विचारा, कापल्यावर वॉरंटीचं भांडण होतं.

लेकरू किंवा म्हातारं माणूस आत अडकलं असंल तर यातलं काहीही तपासत बसू नका. ११२ ला फोन लावा आणि ते तळमळत असंल, घामानं भिजलं असंल किंवा सुस्त पडलं असंल तर त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या दाराची काच कोपऱ्यात मारून फोडा. पुढची मोठी काच फोडायच्या नादी लागू नका, ती चिकट थराची असते, सहजी फुटत नाही.

अजून एक, बॅटरी पूर्ण मेली तर रिमोटवाल्या गाडीत आत शिरायचा मार्ग म्हणजे ड्रायव्हरच्या दाराची चावी. ते भोक वर्षानुवर्षं न वापरल्यामुळं धुळीनं जाम झालेलं असतं. महिन्यातून एकदा चावीनं लॉक-अनलॉक करत जा, कडक लागत असंल तर ग्रॅफाइट पावडर टाका.

आणि शेवटी इलेक्ट्रिशियनकडं जायचंच ठरलं तर "लॉक चालंना" एवढंच सांगू नका. कोणतं दार, दार उघडं असताना की लावल्यावर, सकाळी की उन्हात, डॅशबोर्डखाली टक् होतंय का, त्याच दाराची काच आणि स्पीकर चालतात का, बॅटरी किती व्होल्ट दाखवली, हे कागदावर लिहून न्या. जुना पार्ट बदलला तर तो परत मागून घ्या, आणि काही बदलायच्या आधी नळीतल्या वायरी ताणून बघितल्या का, हे तोंडावर विचारा.